शेंदराखालचा डबा

आई म्हणाली होती, "नवरा सोडलेल्या बाईने पोरगी आणि कुत्रं घेऊन रानात भटकू नये, किर्ते. काहीतरी होऊन बसतं." मी "हो गं" म्हटलं आणि चंदूचा पट्टा शोधायला लागले.

तशी मी जन्माची भित्री. इराच्या गळ्यात शिट्टी, माझ्या सॅकमध्ये ओआरएस, बँडेज, जादाचे मोजे. वाटेत कुणी दिसलं की आधी त्याचे हात बघणार, मग चेहरा. पण माझ्या लेकीला जिओकॅशिंगचं वेड लागलं होतं. कुणीतरी डोंगरात डबा लपवतं, जागेचे आकडे ॲपवर टाकतं, आणि आपण मोबाईल बघत बघत तो हुडकायचा. डब्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. इराने मुठीत हिरवी गोटी आणली होती.

चिखलोलीच्या मागच्या टेकडीवर सोनकी फुलली होती. नुकतीच एक बारीक सर येऊन गेलेली. मोबाईल म्हणाला, पोचलात. समोर एक दगड — शेंदूर फासलेला, वर झेंडूचं फूल... आणि त्याच्यापुढे गालाला हात लावून बसलेला एक माणूस. मी त्याचे हात बघायच्या आत चंदूने दगडाजवळ जाऊन पाय वर केला.

"अरे अरे अरे!" त्याने झडप घालून चंदूला उचललंच. "मॅडम, देव आहे तो!"

"सॉरी! पण ॲपवर तर... डबा दाखवतंय."

"डबा पण आहे. देवाच्या खाली." त्याने उसासा टाकला. "मीच ठेवलाय. झाकायला दगडसुद्धा मीच आणला, बाईकवरून. आज बघायला येतो तर साहेबांचं प्रमोशन झालंय."

मला हसू आवरेना. चंदू अजून त्याच्या कडेवरच होता, तान्ह्या बाळासारखा, आणि चक्क गप्प. एरवी तो दूधवाल्यालाही दारात उभं राहू देत नाही.

त्याचं नाव दिपेश. घर खालच्याच गावात, अंबरनाथला गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान.

"काका, सरकवा ना दगड," इरा म्हणाली.

"तूच सांग देवाला, जरा सरक म्हणावं. माझं ऐकत नाही तो."

तेवढ्यात शेळ्या हाकत एक म्हातारा वर आला. दिपेश माझ्या कानाशी पुटपुटला, "कोंडाजीबाबा. पलीकडच्या पाड्यावरचे. हरवलेली शेळी ह्या दगडापाशी सापडली त्यांना... शेंदूर त्यांचाच. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

बाबांनी आम्हाला न्याहाळलं. मला, दिपेशला, मध्ये उभ्या इराला, कडेवरच्या चंदूला. "उबं काय रायलाव? जोरीनं पाया परा. देव नवा हाय, अजून गर्दी नाय त्याच्याकरं. लगेच ऐकल."

आम्ही जोडी नाही, एवढंच सांगायचं होतं. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. दिपेशचे कान लाल झाले होते. आम्ही शेजारी शेजारी वाकलो. इराने गोटी देवापुढे ठेवली.

उतरताना तो म्हणाला, "पुढच्या रविवारी दुसरा डबा लावतो. देव होणार नाही असा."

"कुठे?"

"सांगितलं तर खेळ कसला?"

मग रविवार येत गेले. कधी करवंदाच्या जाळीत डबा, कधी धरणाच्या बाजूला पडक्या चौथऱ्यात. मी ॲप बघायची आणि तो — मला बघायचा.

"समोर बघून चाला, पडाल," मी म्हणायची.

"पडलो तर बँडेज आहेच तुमच्या सॅकमध्ये."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. आईला मात्र सगळं कळलं. बिल्डिंगमधल्या कुणीतरी आम्हाला बाईकवर पाहिलं होतं.

"आपल्यातला नाही तो," आई म्हणाली. "सीटकव्हर शिवतो. आणि तुझ्या पदरात मुलगी. लोक काय म्हणतील?"

"लोक माझ्या पहिल्या लग्नात पोटभर जेवून आशीर्वाद देऊन गेले होते, आई. काय झालं त्यांच्या आशीर्वादांचं?"

"उलट बोलू नकोस. तो हवा असेल तर ह्या घरात परत पाय ठेवायचा नाही."

घटस्फोटानंतर मी तिच्याच घरी राहत होते. इराची शाळा, चंदूचा कोपरा, माझी झोप... सगळं त्या घरात होतं.

रविवारी दिपेशला सांगितलं. त्याने गवताची काडी तोडून दातात धरली.

"मग... थांबूया का आपण? वर्षभर? आई आहे शेवटी. निवळेल राग."

"तू थांब. मी नाही थांबत."

"किर्ती, घर जाईल तुझं—"

"जाऊ दे! दरवेळी कुणाचा तरी राग निवळायची वाट बघत बसले मी. आधी नवऱ्याचा, मग सासूचा, आता आईचा. मी घाबरते ना, म्हणून सगळ्यांना वाटतं मी थांबेन. दिपेश, माझ्याशी लग्न करतोस का? इरा आणि चंदूसकट?"

काडी त्याच्या तोंडातून गळून पडली.

"इराचं ठीक आहे," तो हळूच म्हणाला, "चंदूचं जरा..." आणि मग त्याला पुढे हसताच येईना. डोळे भरले होते त्याचे.

"काका, हो म्हणा पटकन," इरा ओरडली. "मला भूक लागलीय!"

"हो," तो म्हणाला. "हो... हो."

आम्ही रजिस्टर लग्न केलं. आई आली नाही. आता दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहतो. मी सुखात आहे आणि त्याबद्दल कुणाची माफी मागणार नाही — आईचीसुद्धा नाही.

पण आई अजून त्याच घरात, मांजर्लीत नदीकडच्या बाजूला राहते, तळमजल्यावर, एकटी. मी फोन केला की कट करते. दोनदा दारात जाऊन आले, तिने कडी काढली नाही. पावसाळ्यात उल्हास नदी चढली की पाणी आधी त्याच गल्लीत शिरतं, आणि ती गादीसुद्धा एकटीने वर ठेवायचा हट्ट धरणार. तुम्ही त्या बाजूला राहत असाल तर एकदा तिची बेल वाजवाल का? माझं नाव काढू नका, साखर मागा हवं तर. दार उघडलं की तिचे पाय बघा, पुन्हा सुजलेत का. आणि मला कळवा.