शेवटचा शब्द भोंग्याचा

चिमणीचा श्वास नेमका शेवटच्या शब्दाआधी संपायचा.

तालमीच्या खोल्या भरलेल्या होत्या, म्हणून ती इमारतीच्या जिन्यात भिंतीकडे तोंड करून आपला रॅप घोकत होती. “जगाचे कपडे शिवून झाले आईचे हात वाकडे, तिच्या स्वतःच्या बाहीला मात्र उरलेले…” आणि संपलं. छाती रिकामी. तिने डोळे मिटले, आणि खालच्या पायरीवरून कुणीतरी अगदी ठेक्यात म्हणालं, “तुकडे!”

ती गर्रकन वळली. खाली एक उंच, विस्कटलेल्या केसांचा मुलगा उभा होता. खांद्यावर टॉवेल, बगलेत पाण्याच्या बाटल्या आणि चेहऱ्यावर साळसूदपणा.

“माझा शब्द का चोरलास?”

“पडत होता, म्हणून झेलला,” तो म्हणाला. “हवा तर परत घे.”

तो होता भोंगा. रॅप गाणाऱ्याच्या मागे उभं राहून गर्दीला पेटवायचं आणि ओळींचे शेवट उचलून धरायचे, हा त्याचा धंदा. बाहेर अशा माणसाला हाइपमॅन म्हणतात. आवाजामुळे सगळ्यांनी त्याचं नाव भोंगा करून टाकलं होतं.

चिमणीला हाइपमॅनची गरज होती, आणि तीही तातडीने. आजवर दादाच तिच्या मागे माइक घेऊन उभा राहायचा. पण त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला कुजबुजायलाही बंदी केली. (वहिनी म्हणे त्या डॉक्टरांना मनोमन दुवा देत होती.) मागचा कार्यक्रम चिमणीने एकटीने केला, तिसऱ्या कडव्यात तिचा दम तुटला आणि लोक हसले. आता शनिवारी मोठं सभागृह होतं. आणि कधी नव्हे ती आई ऐकायला येणार होती, जिच्या शिलाईवर हे गाणं होतं. तिच्यासमोर दम तुटला, तर पुन्हा माइक हातात धरायचा नाही, असं चिमणीने मनाशी ठरवून टाकलं होतं.

“शनिवारी करीन,” तिने विचारल्यावर भोंगा म्हणाला. “रविवारी मात्र दुसऱ्या एका गायकाबरोबर दौऱ्यावर निघायचंय. चार-पाच महिने.”

“मी कुठे जन्मभराचं विचारलंय?” चिमणी म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

पहिल्याच तालमीत खटके उडाले. चिमणी एकही शब्द सोडायला तयार नव्हती.

“गाणं माझं. सगळे शब्द मीच म्हणणार.”

“म्हण ना. पण ‘तुकडे’ मी म्हणतो तेवढ्यात तू श्वास घे. कुणाला कळतही नाही.”

“म्हणजे माझा श्वास तुझ्या हवाली?”

“एका शब्दापुरता…” तो हसला. “जास्त मागितलेला नाही. अजून तरी.”

हळूहळू तिला सवय झाली. कडवं संपत आलं की तिच्या उजव्या हाताशी बाटली यायची आणि तिचं झाकण आधीच सैल केलेलं असायचं. तिने कधी सांगितलं नव्हतं. असल्या बारीकशा गोष्टीने माणसाचा जीव जडतो, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने त्याची टर उडवली असती. आता ती घरीही बाटलीचं झाकण घट्ट लागलं की उगीच चिडायची.

शनिवारी सभागृह खच्चून भरलं. भोंगा आधी धावत पुढे गेला, चार आरोळ्यांत गर्दीला उभं केलं आणि बाजूला सरून चिमणीला वाट करून दिली. ध्रुवपद दोनदा झालं. ‘तुकडे’ भोंग्याबरोबर लोकही म्हणू लागले. दम कुठेही कमी पडला नाही.

तिसऱ्या कडव्याच्या शेवटी तिची नजर पहिल्या रांगेत गेली. आई दोन्ही हात मांडीवर ठेवून, आपल्याच वाकड्या बोटांकडे बघत रडत होती… आणि चिमणी अडली. आईच्या बाहीची ती शेवटची ओळ तोंडातून फुटेना.

ती ओळ भोंग्याला तोंडपाठ होती. त्याने ती म्हटली नाही. डीजेला खूण करून त्याने ठेका फिरवत ठेवला, दोन्ही हात वर केले आणि टाळी सुरू केली. सगळं सभागृह टाळी देऊ लागलं. मग तो तिच्याकडे वळला आणि माइक खाली धरून म्हणाला, “सावकाश. मी आहे.”

ती ओळ चिमणीने आईकडे बघत म्हटली, अगदी हळू. शेवटचा शब्द सगळ्या सभागृहाने म्हटला. आईनेसुद्धा.

शेवटी रिवाजाप्रमाणे भोंग्याने सगळ्यांची ओळख करून दिली: डीजे, ड्रमवाला, दिवे सांभाळणारे काका, चिमणी. हाइपमॅनची ओळख कोण करून देणार? तो टॉवेल उचलून निघालाच होता. चिमणीने त्याची बाही धरली.

“एक जण राहिला,” ती माइकवर म्हणाली. “आज मला जिथे जिथे श्वास घेता आला, तिथे हा उभा होता. हा भोंगा. मी याची फार ऋणी आहे.”

गर्दीला ओरडायला लावणाऱ्या त्या माणसाला कुठे बघावं ते कळेना.

रंगमंचामागच्या खोलीत तो बॅग भरत होता. चिमणी दाराशी येऊन उभी राहिली.

“ती ओळ तू का नाही म्हटलीस?”

“ती तुझ्या आईची होती. माझा त्यातला शेवटचा शब्द फक्त.”

“मग आता एक ओळ म्हणते. शेवटचा शब्द तुझा.” ती एक पाऊल आत आली. “दौऱ्यावर जा… पण परत आलास की प्रत्येक कार्यक्रमात, आणि कार्यक्रम नसेल त्या दिवशीही, मी तुझ्याबरोबर…”

ती थांबली. उभ्या आयुष्यात ठेका न चुकलेला भोंगा या वेळी चांगलाच चुकला. हातातला टॉवेल बॅगेऐवजी जमिनीवर पडला.

“…राहीन,” तो म्हणाला. इतक्या हळू की त्याला भोंगा कुणी म्हटलं नसतं.

बाहेरून आईचा आवाज आला, “म्हणाला गं तो, चिमणे. घे आता श्वास.”