तांबड्या ताऱ्यावरची दुनळी

निलंग्याच्या स्टँडवर लातूरची एसटी लागली, तशी दानम्मानं खिडकीची जागा धरली. तिच्या वडलांचे, अप्पांचे, गुडघे वाकत नव्हते, म्हणून त्यांना पुढं, पाय पसरता येतील अशा ठिकाणी बसवलं. आपण मागं बसली, अन् घोंगडीत गुंडाळलेलं लांबडं ओझं अंगाला टेकवून उभं धरलं.

शेजारी एक तरणा गडी येऊन टेकला. पांढरा सदरा, खिशाला शाईचा हा एवढा डाग. गाडी खड्ड्यात आदळली की ओझं त्याच्या खांद्यावर कलंडायचं अन् तो दोन बोटांनी ते हळूच सरळ करायचा... झोपलेल्या लेकराचं डोकं सरळ करावं तसं.

"भजनी मंडळ हाय का तुमचं?" त्यानं शेवटी विचारलंच.

"आँ?"

"न्हाई... वीणा दिसती. लई जपून धरली तुमी."

दानम्मानं पदर तोंडावर घेतला. हसू दाबून म्हणाली, "वीणाच हाय. एकदा वाजली की आख्खं शिवार गप होतंय."

"वाजवतं कोण?"

"आमचे अप्पा. मी आपली तेल लावती."

"तेल? वीणेला?"

तिनं घोंगडीचं टोक जरासं उचललं. दोन काळ्या नळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. गडी असा दचकला, की मांडीवरची पिशवी पायात पडली अन् आतली पुस्तकं सीटखाली गेली. दानम्मानं वाकून एक उचललं. कव्हरावर तांबडं आभाळ, त्याखाली पिळदार मिशांचा गडी, अन् त्याच्या हातात — बंदूक! नाव होतं 'तांबड्या ताऱ्यावरचे मोकळे लोक'.

"कुणी लिवलंय हे?"

"मीच. नांदेडला छापलंय."

"बंदुकीवर?"

"हाव. अन् माणसाच्या मोकळीकीवर. पुढच्या शतकातली गोष्ट हाय... विज्ञानाची."

"अन् बंदूक अजून बघितली नव्हती?"

"चित्रात बघितली की!"

"मग चित्र तरी नीट काढायला सांगायचं. ह्या गड्यानं दस्ता म्होरं धरलाय. उडवली तर ह्येच मरंल."

मागच्या सीटवरची दोन माणसं हसली. लेखकाचे कान तापले. पण पुस्तक त्यानं परत घेतलं नाही. "ठेवा," म्हणाला. "वाचा अन् शिव्या द्या. इथं तेवढंबी कुणी करीत न्हाई."

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. कचेरीत रंगाचा वास ताजा, खुर्च्या कमी, माणसं जास्त. जुनी कामं उस्मानाबादेहून इकडं आलेली. बंदुकीचा परवानाही आता इथंच नवा करायचा, बंदूक साहेबाला दाखवायची. दानम्मा अन् अप्पा त्या टेबलापुढं उभे राहिले — अन् टेबलापलीकडं शाईचा डाग! दिवसा सरकारच्या परवान्यांवर शिक्के मारणारा अन् रात्री तांबड्या ताऱ्यावर परवान्याशिवाय बंदुका वाटणारा हा उमरीचा भुजंग. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, अन् दोघांनीही ओळख दाखवली नाही.

अप्पा म्हणजे गुरुबसप्पा. विहिरीवाले. घसा साफ करून म्हणाले, "डोळे गेले माझे. औंदा दुनळी जावयाच्या नावावर करा."

"जावई कुठं हायेत?"

"व्हायचाय. उदगीरचा शिवमूर्ती, हिच्या मामाचा पोरगा. दिवाळीनंतर लगीन." अप्पांनी टेबलावर पंजा आपटला. "मला ल्योक न्हाई. आमच्या घरची रीत हाय — ज्याच्या हाती दुनळी, त्याच्या हाती पोर. मलाबी सासऱ्यानं तशीच दिली. पोर अन् बंदूक, एकाच मांडवात."

दानम्मा भिंतीकडं बघत उभी होती. एवढी वर्षं ही रीत ती ऐकत आली होती, बैलाच्या किमतीची बोलणी ऐकावीत तशी. आज परक्या माणसासमोर ऐकली अन् कानशिलं तापली. बैलाला निदान दात तरी बघून नेतात.

भुजंगचा पेन थांबला. त्यानं वर न बघता सांगितलं, "व्हायच्या जावयाच्या नावावर होत न्हाई. आधी जावई होऊ द्या."

एवढंच. पण जिना उतरताना दानम्माला वाटलं, दार लागता लागता कुणीतरी मधे पाय घातलाय.

पुस्तक तिनं चुलीपुढं बसून वाचलं. एकदा. मग दुसऱ्यांदा. तांबड्या ताऱ्यावर माणूस जन्मला की त्याच्या नावाची बंदूक तयार होते, म्हणून कुणी कुणाला दाबत नाही. मग सरकार सगळ्या बंदुका जमा करायला निघतं अन् लोक उठतात. वाचताना अंगावर काटा यायचा. अन् राग पण यायचा. हा माणूस एवढ्या लांब ताऱ्यावर गेला, अन् तिथंही बायकांना चहाच करायला लावला!

वैशाखात गावचे सगळे आड आटले. सरकारी टँकर यायला लागला. तो रिता व्हायचा अप्पांच्या विहिरीत, कारण तीच गावात सगळ्यात खोल. काठावर बाभळीखाली अप्पा खुर्ची टाकून बसायचे, मांडीवर दुनळी. "भांडणं होऊ नयेत म्हणून," म्हणायचे. आधी आपल्या भावकीच्या घागरी, मग गल्लीच्या, मग उरल्यासुरल्यात गावाबाहेरच्या वस्तीवरच्या केवळाबाईची. बंदूक कधी उडाली नाही. उडवायची गरजच नव्हती. लोक नळीकडं बघून आपोआप ओळीत लागत.

टँकरबरोबर देखरेखीला कचेरीतले लोक पाठवत होते. एका दुपारी टँकरच्या दारातून भुजंग उतरला. धुळीनं एवढा माखलेला, की डोळ्यांपुरताच माणूस दिसत होता.

दानम्मानं पंच्याचं टोक घागरीत बुडवून त्याच्यापुढं धरलं. "पाणी न्हाई द्यायचं. ओल देती."

त्यानं तोंड पुसलं. पंचा परत देताना बोटाला बोट लागलं... अन् टँकरचा पाइप घरघरत राहिला.

"शिव्या कुठं हायेत माझ्या?" त्यानं विचारलं.

"देऊ? तुमच्या ताऱ्यावर पाणी कुणाचं हाय?"

"पाणी?" तो गडबडला. "पाण्याचं... लिवलंच न्हाई मी."

"सगळ्याला बंदुका दिल्या अन् पाणी इसरलात. मग ते लोक मोकळे कशे? ज्याची विहीर, तो राजा. बंदुका पुरून ठेवल्या तरी तोच राजा."

भुजंगनं अप्पांच्या मांडीकडं बघितलं, मग घागरींच्या ओळीकडं. हळू आवाजात म्हणाला, "आमचा आजा सांगायचा. निजामाच्या टायमाला हत्यारवाली टोळी गावात शिरली, तवा आमच्याकडं निस्ते विळे होते. आज्याचा थोरला भाऊ दारात मेला. म्हणून लिवतो मी. ज्याच्याकडं हत्यार न्हाई, त्याला कुणीबी हाकलतंय."

हे पुस्तकात नव्हतं. पुस्तकातल्या मिशाळ गड्याहून हे जड होतं.

"खरं हाय तुमचं," ती म्हणाली. "पण आमच्याकडं हत्यार हाय. मग सांगा — गाव मोकळं दिसतंय का? मी दिसती का?"

पुढच्या खेपेला तो उत्तर घेऊन आला, ते तिनं तिथंच खोडलं. त्याच्या पुढच्या खेपेला नवी पानं घेऊन आला, तीही. टँकर लांबून भोंगा द्यायचा अन् दानम्मा आरशात न बघता केस सारखे करायची. "आज ताऱ्यावर काय चाललंय?" ती विचारायची. "बायकांनी चहा बंद केलाय," तो गंभीरपणे सांगायचा. पाणी पडेपर्यंतचा तेवढा वेळ त्यांचा. टँकर पुरा रिता झाला, की ती ओलसर पंचा दोरीवर टाकायची... अन् तो वाळायचा, त्याचा तिला रागच यायचा.

मग ती पहाट आली.

अप्पा अंधारातच विहिरीवर जाऊन बसले होते. दानम्मा चहा घेऊन निघाली. नेहमीच्या पांदीच्या वाटेत काटे पडले होते म्हणून वळसा घालून वस्तीच्या अंगानं आली. पावलं वाजली, अन् अप्पा ताडकन उभे राहिले. "कोण हाय तिकडं? थांब! घालतो गोळी!"

दोन नळ्या तिच्या छातीवर. मागं अप्पांचे पांढरे पडलेले डोळे.

"मी हाय अप्पा... दानू."

नळ्या खाली आल्या. अप्पा खुर्चीत बसले, ते वाकलेच. दानम्मानं चहा त्यांच्या हातात दिला. "चहा घेऊन आले म्हणून दानू. घागर घेऊन केवळाबाई आली असती, तर?"

अप्पांनी चहा प्यायला नाही.

त्या दिवशी टँकर आला तेव्हा तिनं भुजंगला ताऱ्याबद्दल विचारलं नाही. सरळ म्हणाली, "दुनळीचं लायसन माझ्या नावानं होतंय का?"

"कायद्यात बाई-गडी भेद न्हाई. पण—"

"अर्ज लिवून द्या."

"तुमच्या अप्पांची सही लागंल. ते मला इचारतील, तू मधी कोण? मी सरकारी नोकर, परक्या जातीचा. गावात बोभाटा होईल. तुमच्यावरबी..." त्यानं घाम पुसला. "दिवाळीपस्तोर थांबून बगू की."

दानम्मानं त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्याला नळ्या नव्हत्या, पण तो मागं सरला.

"सरकारच्या तोफांपुढं उभे ऱ्हातेत तुमचे लोक," ती म्हणाली. "लांब ताऱ्यावर मोकळं व्हायला काय लागतंय? शाई. इथं निलंग्याच्या उन्हात होऊन दावा." अन् पंचा दोरीवरून काढून घरात निघून गेली.

पुढच्या खेपेला टँकरबरोबर दुसराच माणूस आला. त्याच्या पुढच्याही. दानम्मानं भोंगा ऐकून केस सारखे करायचं सोडलं. उदगीरहून मामाचा निरोप आला — साड्या बघायला या.

अन् एका सकाळी टँकर नसताना, निलंग्यापासून पायी, भुजंग दारात उभा. धुळीनं माखलेला. हातात अर्ज.

अप्पा ओट्यावर होते. शेजारी अव्वा, दानम्माची आई शांतम्मा, डाळ निवडत होती. भुजंगनं उभ्यानंच अर्ज वाचून दाखवला. आवाज फाटत होता तरी शेवटपर्यंत वाचला. दुनळी दानम्मा गुरुबसप्पा यांच्या नावे करण्यास माझी हरकत नाही.

"ह्यो उद्योग कुणाचा?" अप्पा गरजले.

"सांगितलं तुमच्या पोरीनं. लिवला मी. भ्यायलो होतो, म्हणून उशीर झाला."

"कामून? तुझं काय लागतंय तिच्यात?"

भुजंगनं अर्ज ओट्यावर ठेवला. "लागतंय. पण अर्जाचा अन् त्याचा संबंध न्हाई. मी आवडत नसलो तरी सही करा."

अप्पांनी काठी उचलली. अन् तेवढ्यात शांतम्मा बोलली — जी नवऱ्यापुढं कधी बोलली नव्हती, ती सुपातली नजरही न उचलता बोलली.

"मलाबी बंदुकीसंगं दिलं होतं. मांडवात सगळे बंदुकीलाच बघत होते. नवरदेवबी."

काठी तशीच राहिली. अप्पांनी बायकोकडं बघितलं. त्या डोळ्यांना आता तिचा चेहरा धड दिसत नव्हता, अन् दिसत होता तेव्हा त्यांनी बघितला नव्हता. काठी खाली ठेवून ते म्हणाले, "त्या पहाटी बोट दुनळीच्या घोड्यावर होतं माझं, शांते." मग हात पुढं केला. "कुठं करायची सही?"

सही झाली. वाकडी, कागदाच्या कडेला.

"दुनळी घेतलीस," अप्पा दानम्माला म्हणाले. "पण रीत? मामाला काय सांगू?"

"रीत तुमचीच सांगा, अप्पा. ज्याच्या हाती दुनळी, त्याच्या हाती पोर. दुनळी माझ्या हाती. मग पोरबी माझ्याच हाती."

अप्पा भुजंगकडं वळले. "भाड्या, हे तुझ्या बुकात होतं का?"

"नव्हतं," भुजंग म्हणाला. "तिथंच तर अडलं होतं."

त्या संध्याकाळी दानम्मानं दुनळी विहिरीवरून आणून माजघराच्या खुंटीला रिकामी टांगली, काडतुसं कुलपात घातली. विहिरीवर सांगितलं, जो आधी येईल त्याची घागर आधी. भांडणं झाली. भावकीतल्या दोन घरांनी बोलणं सोडलं, मामानं उदगीरहून नको ते निरोप धाडले. केवळाबाई मात्र दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच ओळीत पहिली उभी होती, अन् मागं वळून वळून बघत होती — खरंच कुणी हाकलत नाही ना.

आषाढ कोरडाच लागला. परवान्यासाठी बंदूक दाखवायला दानम्मा एकटीच निघाली. निलंग्याच्या स्टँडवर तीच खिडकी, तीच घोंगडी. शेजारी येऊन टेकला, तोच शाईचा डाग.

"भजनाला निघालात?"

"हाव. अन् तुमी?"

"रजा होती. ताऱ्याची गोष्ट संपवली. शेवटी एक बाई विहिरीवरची बंदूक काढून नेती."

"मिशाळ गडी काय करतो?"

"चहा."

ती खळखळून हसली. मग गाडी निघाली, निलंगा मागं पडला, लामजनाही गेला, तरी ह्याची बोटं पिशवीच्या बंदाशीच चाळा करत होती.

"तुमी इचारणार हाव का न्हाई?" तिनं खिडकीबाहेर बघतच विचारलं.

"इचारणार हाय की... अप्पांना कवा भेटू ते बगून राहिलो."

"अप्पांच्या नावावर आता काहीच न्हाई."

त्याला समजायला एक खड्डा जावा लागला. मग कानापर्यंत लाल होत म्हणाला, "दानम्मा... माझ्यासंगं ऱ्हाशील?"

"ऱ्हाईन. पण दुनळी माझ्याच नावावर."

"अन् मी?"

"तुमी तुमच्या."

कंडक्टर चिमटा वाजवत आला, घोंगडीवर बोट ठेवलं. "ह्यात काय हाय?"

"बंदूक," भुजंग आख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला. "यांच्या मालकीची. मी निस्ता शेजारी बसलोय."

गाडी आदळली. ओझं त्याच्या खांद्यावर कलंडलं अन् पाठोपाठ तिचं डोकंही. या खेपेला त्यानं काहीच सरळ केलं नाही.