सोरखा हे नाव कुणाचं?

"माझ्या मुलीचं कुणीतरी नाव ठेवलंय," रुचा म्हणाली. "ते कोण, एवढं शोधून द्या."

हॅमिल्टनमधल्या त्या बेसमेंट ऑफिसात प्रमोदिनी बर्वे एरवी इन्शुरन्सचे खोटे क्लेम पकडायची. तिचा मदतनीस नंदन लिहायला सरसावला. "केवढी आहे मुलगी?"

"जन्मली तेव्हाच गेलेली होती."

नंदननं पेन खाली ठेवलं. रुचाला त्याचं काही वाटलं नाही. महिनाभर तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. हातातल्या कपाचा चटकासुद्धा लागत नव्हता.

सकाळी दफनभूमीच्या ऑफिसातून फोन आला होता. बाळाच्या जागेवर कुणीतरी न विचारता दगड ठेवलाय, राहू द्यायचा की उचलायचा? रुचा तशीच उठून गेली होती. तिनं तिथे काढलेले फोटो दाखवले. गोटा, त्यावर निळ्या रंगात वळणदार इंग्रजी अक्षरं : सोरखा. दगडाच्या दोन्ही बाजूंना ताज्या बर्फात बुटांचे ठसे, समोरासमोर. आणि इकडेतिकडे सांडलेले हरभरे.

"खारींसाठी टाकले असतील," नंदन म्हणाला. "इथे लोक टाकतात."

"उकडून?" प्रमोदिनीनं फोटो मोठा केला.

"एका बाजूचे ठसे उन्मेषच्या बुटांचे आहेत," रुचा म्हणाली. "टाच फाटलीय, फावड्यानं बर्फ काढताना. तो म्हणतो, मी नाही. माझ्या नवऱ्यानं मला न विचारता नाव ठेवलं आणि वर खोटं बोलला असेल, तर दगड उचलायला सांगेन. आणि पुढचंही काय ते ठरवेन."

नंदननं फोनवर शोधलं. "गेलिक भाषेतलं नाव आहे. सोरखा म्हणजे उजेड. दोरखा म्हणजे अंधार."

"आपल्या सुगंध-दुर्गंधातलं सु आणि दुः," प्रमोदिनी म्हणाली. "लांबची चुलत बहीण आहे ती भाषा."

दुपारी दोघं रुचाच्या घरी गेली. उन्मेष लॅपटॉपसमोर नुसताच बसला होता.

"मी नाही गेलो, ताई. त्या गेटातून माझ्यानं आत जाववत नाही. गाडीतच बसून राहतो."

"बूट?"

"दाराशीच असतात. आठवडाभर घरूनच काम करतोय."

दाराशी बुटांशेजारी बायकी चपला होत्या, कोरड्या ठणठणीत. त्या बाळंतपणासाठी नागपूरहून आलेल्या रुचाच्या सासूबाईंच्या, आनंदीबाईंच्या.

"मला मेलीला इंग्रजी येईना, ते गेलिक कुठून येणार?" आनंदीबाई कणीक मळतच म्हणाल्या.

"दिवसभर घरातच असता?"

"आई रोज शेजारी आयलीनकडे जातात, तिच्या काचेच्या खोलीत ऊन खायला," रुचानं सांगितलं.

आयलीन पंचाहत्तरीची, मूळची गेलिक बोलणाऱ्या केप ब्रेटन बेटावरची. तिच्या टपालपेटीवर निळी वळणदार अक्षरं होती.

"सोरखा? माझ्या आजीचं नाव. नव्वदी ओलांडली तिनं, शेवटपर्यंत गेलिकमध्येच भांडली." मग ती खिडकीबाहेर बघत राहिली. "पण दुसऱ्यांच्या बाळाचं नाव ठेवणारी मी कोण?"

बाहेर येताच नंदन म्हणाला, "हीच! अक्षर बघा ना."

"आणि हरभरे रे?"

प्रमोदिनीनं आयलीनला सोबत घेतलं आणि सगळ्यांना रुचाच्या स्वयंपाकघरात बसवलं.

"त्या घुगऱ्या होत्या," ती म्हणाली. "बारशाच्या. म्हणजे तिथे मराठी माणूस होतं. आता मराठी माणसाला उजेडच हवा असता, तर ज्योती, दीप्ती, प्रभा, नावांना काय तोटा? म्हणजे हे नाव अर्थ बघून घेतलेलं नाही. एका माणसाचं म्हणून घेतलंय, आणि ते माणूस आयलीनच्या घरातलं. अक्षरंही आयलीनची. आता ठसे. बारशाला पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहतात. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत एक देते, दुसरी घेते. एकटीला ते जमत नाही. तिथे दोघी होत्या."

"पण बूट उन्मेषचे!" नंदन म्हणाला.

"नुसत्या चपला घेऊन आलेली बाई रोज बर्फातून शेजारी जाते, आणि चपला कोरड्या. मग ती जाते काय घालून?"

आनंदीबाईंनी कणकेचे हात पुसले.

"गेलेल्या बाळाचं बारसं करत नाहीत आपल्यात. पण परक्या मुलखात पोर बिननावाची कशी ठेवायची? फोनमधली बाई आमचं बोलणं इकडचं तिकडे करते. तिच्याकरवी आयलीनला विचारलं, तुमच्यात सगळ्यांत जास्त कोण जगलं? मला जगून झालेलं नाव हवं होतं, रुचा. भांडलेलं, म्हातारं झालेलं."

"मला का नाही विचारलंत, आई?"

"भात वाढू का विचारलं तरी तू उत्तर देत नव्हतीस गं." आनंदीबाई तिच्याजवळ आल्या. "पण कानात सांगायचं ठेवलंय. तो मान आत्याचा, आणि उन्मेषला बहीण नाही. म्हणजे तो आईचा, तुझा हक्क मी कसा घेऊ? तुला नको असेल, तर मी स्वतः जाऊन दगड उचलते."

रुचानं फोन उचलला आणि दफनभूमीच्या ऑफिसचा नंबर लावला.

"दगड राहू द्या," ती इंग्रजीत म्हणाली.

"आमच्याकडे नुसतं बेबी गर्ल आहे," पलीकडची बाई म्हणाली. "नाव टाकायचं का?"

"सोरखा."

तिला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. बाईनं नाव नोंदवून फोन ठेवला. रुचानं आपला फोन कानालाच धरून ठेवला आणि कुणी विचारलं नव्हतं तरी, कानात सांगावं तसं हळू आवाजात, ते नाव पुन्हा म्हटलं.