जुनी केबल

हे लिहायचंच नाही, असं त्याने ठरवलं होतं. स्वतःची लबाडी कोण लिहून ठेवतं? पण ती पोटात राहीना... शेवटी दुकानात बसून, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीत, त्याने टाइप करून टाकली.

ती वजनकाटे तपासणारी सरकारी निरीक्षक. समोरच्या किराणा दुकानाचा काटा तपासून निघताना, याच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात फळीवर लुकलुकणारा डबा तिला दिसला. हे काय, म्हणून तिने विचारलं. क्रिप्टो चलनाचा नोड, तो म्हणाला. सगळ्या व्यवहारांची वही हा स्वतःजवळ ठेवतो आणि कुणाच्या शब्दावर न जाता स्वतः तपासतो.

‘स्वतः तपासतो’ ऐकून तिचे डोळे असे चमकले, की याच्या हातातला स्क्रू खाली पडला.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन हजर. तिलाही नोड हवा होता, तोही रविवारच्या आत. रविवारी ती बदलीच्या गावी निघणार होती. तिच्या घरचं इंटरनेट रडकं, म्हणून त्याने तिचा लॅपटॉप दुकानातच ठेवून केबलने आपल्याच नोडला जोडला. वही सरळ कॉपी करून देऊ का, असंही विचारलं.

“तुमच्यावर विश्वास आहे हो,” ती हसली. “पण पहिल्या पानापासून माझं मशीनच तपासेल. चालेल?”

चालेल काय... पळेल.

रोज कामावरून सुटली की ती यायची, किती पानं झाली तो आकडा डायरीत टिपायची आणि स्टुलावर बसून गप्पा मारायची. मंगळवारपर्यंत ‘अहो’चं ‘अरे’ झालं होतं. आणि त्याच मंगळवारी त्याच्या लक्षात आलं — काम तर उद्याच संपतंय.

ती गेल्यावर त्याने ड्रॉवरमधली जुनी, मंद केबल काढून लावली.

शनिवारी तिने डायरी त्याच्यापुढे सरकवली.

“मंगळवारपर्यंत आकडा पळत होता. बुधवारपासून रांगतोय.”

मशीन तापलं, असं सांगायचं ओठांवर आलं होतं. पण ग्रॅमभराची चोरी पकडणारी बाई ती...

“केबल मी बदलली,” तो म्हणाला. “काम संपलं असतं, तर तू आली नसतीस.”

ती उठली, चांगली केबल शोधून तिने स्वतः लावली. आकडा पुन्हा पळायला लागला.

“बुधवारीच कळलं होतं मला. तू कधी सांगतोस, ते बघत होते.” मग हळूच, “वेड्या... मी आकड्यासाठी येत होते का?”

त्याने जुनी केबल उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

“तिकडून दर रविवारी येईन. पण सध्या मैत्रीणच हं, पुढचं तपासून ठरवू. आधी शब्द दे, पुन्हा अशी लबाडी नाही.”

“दिला. यापुढे तुला थांबवावंसं वाटलं, तर... तोंडाने सांगेन.”