राब, कांजी आणि पाच हजार मीटर

"मेले हे पाय!" मी ओरडले आणि सेंट्रल पार्कातल्या बाकावर मटकन बसले. मे महिना, सकाळचे साडेसात, आणि जयपूरचं ऊन इतक्यातच चटके देऊ लागलेलं. डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

"तुम्ही मराठी?" कुणीतरी स्टीलची बाटली पुढे केली. धरणाऱ्याची बोटं चक्क निळी होती. "प्या. हा राब आहे... मतलब, ही राब. जवाचं पीठ ताकात शिजवून गार केलंय."

"अनोळखी माणसाच्या हातचं मी पीत नाही."

"मी कौशिक. जवळच्या बगरू गावात कापड रंगवतो, म्हणून बोटं अशी. मोडकीतोडकी मराठी गिऱ्हाइकांकडून शिकलो. झाली ओळख. आता प्या ना..."

मी प्यायले. आंबटसर, गार, जिऱ्याच्या वासाची. हळूहळू डोळ्यांपुढचं झाड पुन्हा हिरवं झालं. कौशिक समोर उभा राहून हसत होता – छान हसतो, असं वाटून गेलं.

दोन वर्षांपूर्वी बाबांची रेल्वेत बदली झाली आणि आम्ही सोलापूरहून इथे आलो. मी पाच हजार मीटर धावायचे, पण सकाळी पोटात नुसता चहा-बिस्किट. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ! बाबांनी स्पष्टच सांगितलं, "मयूरी, जानेवारीच्या राज्य स्पर्धेत पहिल्या तिघींत आलीस तर पळ. नाहीतर बूट ठेव आणि बँकेच्या परीक्षेला बस."

हे सगळं मी कौशिकला चौथ्याच दिवशी सांगून टाकलं. का, कोण जाणे.

त्याची आई आजारी असायची, म्हणून तो लहानपणीच स्वयंपाक शिकला होता. जूनभर पुदिना घातलेलं कैरीचं पन्हं आलं. पावसाळ्यात आल्याचा काढा आणि मुगाचे गरम चिले, म्हणजे आपली धिरडी. मीही मग हट्टाला पेटले. शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी नेली, तर पहिल्या घासाला त्याचे डोळे भरून आले.

"तिखट लागली?"

"नाही... मतलब, हो. पण अजून द्या."

दिवाळीनंतर 'तुम्ही'चं 'तू' झालं. थंडीत बाजरीची खिचडी, तिळाचे लाडू आणि काळ्या गाजरांची आंबवलेली जांभळी कांजी आली. डिसेंबरच्या शेवटी हिमोग्लोबिन साडेबारा झालं. रिपोर्ट बघून तो पार्कभर नाचला – आणि मला म्हणाला काय? "आज आवळा खाल्लास?"

माझा संयमच सुटला. "कौशिक, सात महिने झाले! मी काय खाल्लं याच्यापलीकडे तुला कधी काही विचारायचं नाही का?"

तो रिपोर्टची घडी घालत राहिला. मी पाय आपटत घरी आले. पुढचे दहा दिवस तो पार्कात दिसला नाही. फक्त डबा यायचा, आमच्या दाराशी; बाबाच तो हसत आत आणायचे. मी रागाने उघडायचे आणि सगळा संपवायचे.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी कोवळं ऊन पडलं होतं. साडेबारा फेऱ्या. दहाव्या फेरीत अजमेरची उंच मुलगी पुढे निघून गेली. दर वर्षी इथेच माझे पाय जड व्हायचे. यंदा मी वाट बघत राहिले – पण ते जड झालेच नाहीत! शेवटच्या वळणावर मी तिला गाठलं, मागे टाकलं, आणि छातीने फीत तोडली तेव्हा अंगात आणखी एका फेरीची ताकद शिल्लक होती.

पहिली! बाबा, ऑफिसात कुणाशी चढ्या आवाजात न बोलणारे माझे बाबा, खुर्चीवर उभे राहून शिट्ट्या वाजवत होते.

आणि कठड्याजवळ कौशिक. मी तशीच धापा टाकत त्याच्यासमोर गेले.

"दहा दिवस कुठे होतास?"

"शिकत होतो," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "बिनचूक मराठी. एक वाक्य. चुकलो तर हसू नको."

"चुकलास तरी चालेल. बोल."

"माझ्याशी... लग्न करेल का? मतलब, करशील का तू?"

"करशील बरोबर आहे," मी म्हटलं आणि त्याची निळी बोटं घट्ट धरली. "आणि करीन. हेही बरोबर आहे."

मागून बाबांनी पुन्हा एक लांबलचक शिट्टी मारली.