पंधरावं नाव

ह्यात मी पदरचं काही घातलेलं नाही. रामकिशनमामांनी जसं सांगितलं तसंच सांगतोय. सांगताना ते जिथे थांबले, तिथे मीही थांबणार आहे.

आणि रात्रीची वाट बघत बसू नका. हे भर दुपारी घडलं.

१५ मे १९८३. रविवार. निलंगा तालुक्यातली एक शाळा. गावाचं नाव घेत नाही, मामांचं घर अजून तिथेच आहे.

उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याला वर्षही झालं नव्हतं. पावसानं आधीच दगा दिलेला. विहिरींचे तळ दिसत होते, टँकर दोन दिवसांआड यायचा. पण नव्या जिल्ह्याचं कौतुक एवढं, की काही उत्साही मंडळींनी निलंग्यात नवोदितांचं साहित्य संमेलन ठरवून टाकलं. पंधरा नवे कवी. वय तिशीच्या आत. कवी लातूर जिल्ह्यातलाच पाहिजे. कविता टपालानं पाठवायची आणि सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. निवड झाली नाही, तर कविता त्याच पाकिटातून परत.

आलेली पाकिटं फोडून कविता निवडायचं काम मामांकडे होतं. मामा शाळेत मास्तर, वय एकोणतीस, आणि स्वतः कवी. नऊ वर्षं ते मासिकांना कविता पाठवत होते. नऊ वर्षं त्यांच्याच अक्षरातली पाकिटं त्यांच्याच दारात परत येत होती. पोस्टमन लांबूनच हसायचा. हे संमेलन हुकलं की तिशी उलटणार, आणि मग नवोदित म्हणूनही कुणी विचारणार नव्हतं.

चौदा कविता ठरल्या.

पंधराव्या जागेसाठी दोन उरल्या. एक मामांची. दुसरी सीमेवरच्या एका गावातल्या रत्नम्माची. घरात कानडी बोलणारी पोर, मराठीत आईवर लिहीत होती. सोळा ओळी. मामांनी त्या उभ्यानं वाचल्या, मग खाली बसून वाचल्या. आपली कविता हिच्या पासंगालाही पुरत नाही, हे त्यांना तिथेच कळलं.

मग त्यांची नजर पत्त्यावर गेली.

तालुका निलंगा. जिल्हा उस्मानाबाद.

आता तेव्हा सगळेच तसं लिहायचे. जन्माची सवय आठ महिन्यांत मोडते होय? शाळेचा शिक्कासुद्धा जुनाच होता. मामांना हे काय माहीत नव्हतं? तरी त्यांनी लाल पेन घेतला आणि पाकिटाच्या कोपऱ्यात लिहिलं... ‘जिल्ह्याबाहेरील’.

पाकीट कपाटाच्या खालच्या खणात गेलं. परत पाठवलंच नाही. पाठवलं असतं तर पोरगी भांडायला आली असती.

पंधरावं नाव मामांचं छापून आलं.

तर त्या रविवारी मामा शाळेत एकटेच आपली कविता पाठ करत बसले होते. संमेलनाला आठवडा उरला होता. सुट्ट्या चाललेल्या, बाहेर चिटपाखरू नाही. उन्हानं छताचे पत्रे तडतडत होते.

मग पत्रे गप्प झाले...

मामांनी वर पाहिलं. ऊन तसंच होतं.

“गुरुजी, हायेत का?”

दारात अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी उभी होती. निळी साडी. पायात चप्पल नाही. त्या उन्हात!

“म्या रत्नम्मा. माझं पाकीट वापस आलं न्हाई, गुरुजी.”

मामांनी हातातला आपल्या कवितेचा कागद पालथा ठेवला.

“मला मिळालंच नाही,” ते म्हणाले. “टपालात गहाळ झालं असंल.”

“लई दिस झालं वाट पाहून राहिले. पोस्टमन दारावरनं जातो, थांबत न्हाई. निवड झाली न्हाई तर न्हाई. पर कागुद तेवढा द्या. दुसरा उतरून ठिवला न्हाई म्या.”

“मिळालंच नाही म्हणतो ना!”

ती उंबऱ्याशीच उभी राहिली. बराच वेळ.

मग अगदी हळू विचारलं, “माझा जिल्हा चुकला का, गुरुजी?”

हे तिला कुणी सांगितलं? कपाटाची किल्ली तर मामांच्या खिशात होती...

“संमेलन झाल्यावर ये,” मामा ओरडले. “आत्ता जा!”

“हौद्री,” ती कानडीतच हो म्हणाली. “तुमचं होऊ द्या आदी.”

मामांनी घाम पुसायला मान खाली घातली. वर पाहिलं तर दार मोकळं.

ते धावत बाहेर आले. समोर उघडं मैदान, त्यापलीकडे सरळ रस्ता. लपायला झाड नाही की भिंत नाही.

कुणी नव्हतं.

उंबऱ्याशी मात्र दोन ओली पावलं उमटली होती. येतानाची नाहीत. जातानाची नाहीत. नुसती उभं राहिल्याची.

शाळेतला माठ चार दिवसांपासून कोरडा होता.

आणि मग पत्रे पुन्हा तडतडायला लागले.

गुरुवारी मामांच्या नावानं एक कार्ड आलं. पाठवणारा पंचाक्षरी, रत्नम्माचा थोरला भाऊ.

‘माझी बहीण कु. रत्नम्मा हिने आपणांकडे कविता पाठविली होती. पाडव्याच्या आदल्या दिवशी पाणी भरण्यास विहिरीत उतरली असता पाय घसरून ती वारली. तिच्या हातचा दुसरा कागद घरात नाही. कविता परत मिळाल्यास उपकार होतील.’

पाडवा होऊन महिना उलटला होता. मामांनी दिवस बोटांवर मोजले. पुन्हा मोजले.

तुम्ही म्हणाल, आता तरी माणसानं माघार घ्यावी. मीही तेच म्हणालो होतो. तेव्हा मामा जमिनीकडे बघत म्हणाले, “आपलं नाव पहिल्यांदा छापलेलं पाहिलं की माणूस मेलेल्याला बी भीत न्हाई, बाबा.”

मला त्यांचा राग आला. अजूनही येतो. पण ती नऊ वर्षंही आठवतात.

२२ तारखेच्या दुपारी मंडप गच्च भरला. व्यासपीठावर एका ओळीत पांढऱ्या गाद्या. चौदा कवी बसले. शेवटच्या गादीवर मामा बसले...

आणि चटका बसल्यासारखे उठले.

गादी ओली होती. शेजारची कोरडी ठणठणीत. मामांनी हात लावून पाहिला, ओल थंडगार होती. विहिरीच्या तळाची असते तशी.

“बसा की, सर,” मागून कुणीतरी म्हणालं.

बसले. तसेच, त्या ओलीवर, तासभर.

नाव पुकारलं. मामांनी कविता म्हटली. टाळ्या पडल्या, चांगल्या पडल्या. मग थांबल्या.

एकाच्या थांबल्या नाहीत...

मंडपाच्या अगदी मागून. सावकाश. चप्प... चप्प... ओल्या हातांनी वाजवाव्यात तशा.

“कोण वाजवून राहिलंय?” मामांनी शेजारच्या कवीला विचारलं.

“कुठं काय?” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मामा पहिली एस.टी. पकडून रत्नम्माच्या गावी गेले. पाकीट कपाटातच ठेवलं, लाल अक्षरं दाखवायची हिंमत नव्हती. कागद तेवढा खिशात.

पंचाक्षरीनं कागद दोन्ही हातांनी घेतला. त्याची आई, नीलाबाई, भिंतीला टेकून बसली होती. तिला मराठी येत नव्हती.

“वाचून दावा, गुरुजी,” पंचाक्षरी म्हणाला. “म्या सांगतो अव्वाला.”

मामा एक ओळ वाचायचे, तो कानडीत सांगायचा. सोळा ओळी. शेवटची ओळ झाली तरी मामांनी मान वर केली नाही. नीलाबाई उठली, तिनं मामांच्या डोक्यावर हात ठेवला आणि कानडीत काहीतरी म्हणाली.

पंचाक्षरी खाली बघायला लागला.

“काय म्हणाल्या?”

“मनावर घेऊ नका, गुरुजी. पोरगी गेल्यापासनं तिचं असंच चालू हाय. म्हणती, रत्नम्मा काल दुपारच्याला येऊन गेली.”

मामा पुढे सरकले.

“आली... तर काय बोलली?”

पंचाक्षरीनं आईला विचारलं. नीलाबाई हसली. महिनाभरात पहिल्यांदा हसली म्हणे. मामांचे दोन्ही हात धरून ती बोलत राहिली आणि पंचाक्षरी एकेक शब्द मराठीत करत गेला.

“म्हणली, अव्वा, मंडपात माझी जागा व्हती. मला येता आलं न्हाई, म्हणून गुरुजी बसले माझ्या जागंवर. लई भलं माणूस हाय. घरी येतील, त्येंला उपाशी लावून देऊ नको.”

मामा तिथे जेवले.

खरं काय ते त्यांनी त्या माउलीला सांगितलं नाही. म्हणतात, लेकीनंच आईपासून झाकलं, तर मी कोण उघडं करणार? त्यानंतर मामांनी कवितेची एक ओळ लिहिली नाही. वय आता सत्तर.

पण रत्नम्मानं ते माफ करून झाकलं, की उरलेलं सांगायला अजून एकदा यायची आहे... हे मामांना आजवर कळलेलं नाही. दुपारी ते दाराकडे पाठ करून बसत नाहीत.