साक्षीदार नसलेला खांब

हितेंद्र केळीच्या चेंबरमध्ये शिरला तो फक्त खांबावर एक ओळ रंगवायला. दुपारचे बारा वाजले होते. चोपड्याचं मे महिन्याचं ऊन घरामागच्या वाड्यात नुसतं रणरणत होतं.

खांब कडुनिंबाचा, बारा फुटी. वर डोमकावळा कोरलेला, खाली अस्वल. उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यावर हितेंद्र दोन वर्षं संग्रहालयशास्त्र शिकला. तिथल्या एका कुळाच्या दारचा खांब त्यानं फोटोत आणला आणि नथ्थू मिस्तरीनं वाकसानं तासून तसाच्या तसा उभा केला. उन्हात लाकूड तडकू नये म्हणून तो केळी पिकवायच्या रिकाम्या चेंबरमध्ये ठेवला होता. उद्या तो शाळेच्या अंगणात रोवायचा होता. आपल्या पोरांनी जग बघावं, याच ध्यासानं हितेंद्र परतला होता.

तिथल्या कोरीवकाम करणाऱ्या म्हातारीनं मात्र त्याला बजावलं होतं. या आकृत्या कुळाच्या मालकीच्या असतात. आधी कुळाला विचारायचं. खांब उभारताना माणसं बोलवायची, जेवू घालायची, खांब कोणाचा ते सर्वांदेखत सांगायचं. जेवून गेलेली माणसं साक्षीदार. त्यांनी लक्षात ठेवलं तरच नाव राहतं. हितेंद्रनं त्या कुळाला पत्र लिहायला घेतलं होतं, ते राहूनच गेलं. नथ्थूनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "भाऊ, हाई कोनं शे? त्यासले इचारेल शे ना?"

"हो नाना, विचारलंय," हितेंद्र सहज बोलून गेला होता.

त्यानं ब्रश बुडवला आणि अस्वलाच्या पायाशी स्वतःचं नाव लिहिलं.

तेवढ्यात मागे दार लोटलं गेलं. नथ्थूची ती सवयच होती, चेंबरचं दार उघडं दिसलं की बंद करायचं आणि बाहेरूनच दिवा मालवायचा. दाराचा बाहेरचा खटका पडला. आतला कधीचाच मोडलेला.

हितेंद्रनं दार बडवलं, हाका मारल्या. थर्माकोल भरलेल्या जाड भिंतींनी आवाज गिळून टाकला. मोबाईलला रेंज नव्हती. थोड्या वेळानं त्याचीही बॅटरी संपली आणि डोळे मिटले काय, उघडले काय, सारखंच झालं.

आधी जुन्या केळ्यांचा गोडसर वास होता. हळूहळू तो विरला. त्या जागी ओल्या लाकडाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास भरत गेला. चोपड्यात खारं पाणी कुठलं?

मग आवाज आला. ठक... ठक... लाकडात वाकस बसल्याचा.

"नाना...?"

आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला, तो जवळून. हितेंद्रच्या पावलांवर काहीतरी पडलं. ताजी ढलपी, अजून कोमट. खांब कोणाचा, असं आपल्याला विचारलं जातंय, हे त्याला आतून कळलं. त्या कुळाचं नाव सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. सकाळपर्यंत पाठ असलेलं नाव आठवेना. घाबरून तो स्वतःचंच नाव सांगू लागला. प्रत्येक अक्षराला एक घाव पडला. शेवटच्या अक्षरानंतर सगळं शांत झालं.

दार उघडलं तेव्हा उन्हं कलली होती. दारात नथ्थू उभा होता.

"कोन शेतस तुम्ही, भाऊ? मधमा कशा गयात?"

"नाना, मस्करी पुरे."

नथ्थू हसला नाही. परक्या माणसासमोरून सरावं तसा अदबीनं मागे सरला. आवाज ऐकून हितेंद्रची आई, शेवंताबाई, तांब्या घेऊन आली. वाटसरूला द्यावं तसं तिनं त्याला पाणी दिलं. ऊन लागलं असेल, सावलीत बसा, म्हणाली.

"माय, मी..." तो म्हणाला. पुढे स्वतःचं नाव घ्यायचं होतं, ते त्याला आठवेना. ओंजळीतलं पाणी गळून गेलं.

ती त्याच्या बाजूनं चेंबरमध्ये गेली. अस्वलाच्या दोन पंजांमध्ये, जिथं सकाळी सपाट लाकूड होतं, तिथं एका तरुण माणसाचा चेहरा होता. उघडे डोळे, अर्धवट उघडलेलं तोंड.

"हाई मी नही कोरेल, अक्का..." नथ्थू पुटपुटला.

शेवंताबाई उकिडवी बसली. चेहऱ्यावरचा भुसा तिनं पदरानं टिपला, अगदी डोळ्यांच्या कडांपर्यंत. तिचे स्वतःचे डोळे वाहत होते आणि का, हे तिला माहीत नसावं.

"दुपार टळी गई," ती त्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "हाऊ जेवना नही अजून."

आणि घराकडे तोंड करून तिनं ताट मागवलं. एकच.